माझा हात कुठाय?

एका मंगळवारी सकाळी माझी बायको वारली. आम्ही मुलुंडला, घरी होतो. मी चहा गाळत होतो. कप घेऊन खोलीत गेलो तेव्हा ती गेलेली होती. मी कप खिडकीत ठेवला आणि डॉक्टरांना फोन केला.

ती नर्स होती. नोकरी संपल्यावर तिने घराजवळच्या एका संस्थेच्या हॉलमध्ये वर्ग सुरू केला. घरोघरी आजारी माणसांची सेवा करायला जाणाऱ्या बायकांना ती शिकवायची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, भरवताना डोकं किती उचलायचं, अंग पुसताना काय झाकायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कुठे बघायचं. भांडुप, नाहूर, विक्रोळीकडून बायका यायच्या. बऱ्याच जणी मूळच्या कोकणातल्या. सासरे कधीकाळी गिरणीत होते, नवरे आता मिळेल ते करत होते. वर्गात सगळ्या तिला सिस्टर म्हणत.

मी अंधेरीच्या एका कंपनीत ऑनलाइन कोर्स लिहितो. बँका, विमा कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना नियम शिकवण्यासाठी आमच्याकडून असे कोर्स करून घेतात. त्यासाठी ऑथरिंग टूल म्हणतात ते सॉफ्टवेअर असतं. त्यात स्लाइड रचायच्या, मजकूर, चित्रं आणि आवाज घालायचे, बटणं जोडायची, शेवटी प्रश्न द्यायचे. कर्मचाऱ्याने ते फोनवर बघायचं, प्रश्न सोडवायचे आणि पास व्हायचं. काम शांत आहे. माझ्या स्वभावाला मानवणारं आहे.

तिला माझ्या कामाची फारशी किंमत नव्हती, आणि ती हे लपवत नसे.

‘तुझ्या कोर्सात लोक नेमकं काय करतात रे?’ तिने एकदा विचारलं होतं.

‘वाचतात. ऐकतात.’

‘खोटं. नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट करतात. बघ, मी दाखवते.’

ती मटार सोलत होती. एका हाताने शेंगा बाजूला सारून तिने माझा लॅपटॉप ओढून घेतला, बँकेतल्या फसवणुकीवरचा माझा कोर्स एक अक्षर न वाचता पुढे ढकलला आणि शेवटच्या परीक्षेत पास झाली.

‘कसं केलंस?’

‘सांगणार नाही. धंद्याचं गुपित आहे.’

तेरावं झाल्यावर संस्थेचे चिटणीस भेटायला आले. बँकेतून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ. पाणी प्यायले, भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, आणि थोड्या वेळाने मूळ गोष्टीवर आले.

‘वहिनींच्या जागी कुणी मिळत नाहीये. दोघी-तिघींना विचारून पाहिलं. फिजिओथेरपीवाले खोली मागतायत, आणि समितीतले बहुतेक जण देऊन टाका म्हणतायत. नव्या बॅचच्या बायकांनी नावं देऊन ठेवलीयत, त्यांना काय सांगायचं तेवढं कळत नाही.’

‘वर्ग मी चालवतो,’ मी म्हणालो.

‘तुम्ही? तुम्हाला नर्सिंग येतं?’

‘नाही. कोर्स करता येतो. ती जे शिकवायची ते फोनवर शिकता येईल असं करून देतो.’

त्यांनी मान हलवली. होकार होता की नुसती सहानुभूती, ते समजलं नाही. मग म्हणाले, ‘दिवाळीनंतर समितीची बैठक आहे. तोवर मी खोली धरून ठेवतो. पण तेव्हा बायका खरंच शिकल्या असं दिसलं पाहिजे हं. नाहीतर मलाही काही बोलता यायचं नाही.’

ते गेल्यावर मी बराच वेळ दाराशी उभा होतो. बायको जाणार की राहणार हे मला कुणी विचारलं नव्हतं. तिचा वर्ग राहणार की जाणार हे विचारलं होतं. तो राहणार, असं मी ठरवलं.

अडचण अशी होती की तिच्या वर्गाचा कागद म्हणून एकही नव्हता. ती टिपणं काढत नसे, फळ्यावर लिहीत नसे. आमच्या घरातली सगळी पुस्तकं माझी. मग मी शुश्रूषेवरची दोन-तीन पुस्तकं आणली, तिच्या एका जुन्या मैत्रिणीला, तीही नर्सच, विचारून मजकूर तपासून घेतला, आणि सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर बसून कोर्स बांधायला घेतला.

बांधला तो मला बांधता येतो तसा. पहिल्या स्लाइडवर उद्दिष्टं: ‘या धड्याच्या शेवटी तुम्हाला रुग्णाची कूस बदलण्याच्या पायऱ्या सांगता येतील.’ पुढे पायऱ्या, प्रत्येकीला चित्र, चित्रावर माझ्या आवाजातलं निवेदन. निवेदन संपेपर्यंत पुढचं बटण उघडणार नाही अशी तजवीज. शेवटी प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. बरोबर उत्तराला हिरवी खूण आणि ‘शाबास’. चुकलं तर लाल फुली आणि ‘चूक. पुन्हा प्रयत्न करा’. अंधेरीला माझ्याबरोबर काम करणाऱ्या मित्राने चित्रं काढून दिली, आवाज साफ करून दिला. काम नेटकं झालं होतं. बँकेने एका बैठकीत मंजूर केलं असतं.

पावसाळा सरता सरता मी तो हॉलवर नेला. हॉल म्हणजे मोठी खोली. भिंतीला लागून तिची खाट, हँडल फिरवलं की डोकं वर होणारी. प्लास्टिकच्या खुर्च्या. नव्या बॅचच्या सात-आठ बायका आल्या होत्या, आणि भांडुपची एक बाई. ती माझ्या बायकोची पहिल्या वर्गातली विद्यार्थिनी. पुढे कामातून वेळ मिळेल तेव्हा वर्गाला मदतीलाही यायची. कुडाळकडची. आवाज असा, की खालच्या दुकानात ऐकू जावा.

बायकांनी आपापल्या फोनवर धडा उघडला. खोलीत माझ्याच निवेदनाचे सात-आठ तुकडे एकमेकांवर आदळत राहिले. मग प्रश्न आले आणि सगळ्या पास झाल्या. एकीला पैकीच्या पैकी गुण. मला बरं वाटलं.

चिटणीस मागे खुर्चीत बसून बघत होते. ते उठून त्या पैकीच्या पैकीवाल्या बाईला म्हणाले, ‘छान. आता जरा करून दाखवा.’

एक बाई खाटेवर झोपली. पैकीच्या पैकीवाली पदर खोचून पुढे झाली. तिने पहिलीला खांद्याला आणि कमरेला धरलं आणि आपल्याकडे ओढलं. झोपलेली बाई वळली, अर्धवट. तिचा एक हात अंगाखाली सापडला. ती ‘आई गं’ म्हणाली. वळवणारी घाबरली, तिने तिला परत ढकललं, आणि चादर गोळा होऊन पाठीखाली गेली. पुढे काय करायचं म्हणून ती माझ्याकडे बघायला लागली. ‘वळवण्यापूर्वी रुग्णाचा जवळचा हात शरीरापासून दूर ठेवावा’ हे वाक्य तिने जेमतेम पाच मिनिटांपूर्वी ऐकलं होतं. त्यावरच्या प्रश्नाचं उत्तर बरोबर दिलं होतं.

चिटणीसांनी घड्याळ पाहिलं, आणि नमस्कार करून गेले. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं.

मी खुर्चीवर बसलो. भांडुपची बाई माझ्या समोर येऊन उभी राहिली.

‘सर, एक सांगू? रागावू नका.’

‘सांगा.’

‘ह्यांनी काय वाचलंबिचलं नाय. लांब उत्तर दाबलं.’

‘म्हणजे?’

‘चारातलं सगळ्यात लांब उत्तर असतं ना, तेच बरोबर असतं. तुमच्या सगळ्या प्रश्नांत. मीच सांगितलं त्यांना. आणि मला सिस्टरनी सांगितलेलं.’

‘कधी?’

‘वर्गात, कितींदा. म्हणायच्या, आमच्याकडचे साहेब खोटं उत्तर दोन शब्दांत उडवतात आणि खऱ्याला मात्र झब्बा-पायजमा घालून, गंध लावून पाठवतात. लांबून ओळखू येतं.’

बायका हसायला लागल्या. मी हसलो. मंगळवारच्या त्या सकाळनंतर मी पहिल्यांदा हसलो. आमच्या धंद्यातली ही जुनी खोड आहे. बरोबर उत्तर कुणी खोडून काढू नये म्हणून आम्ही त्याला सगळ्या अटी जोडत जातो आणि ते लांबत जातं. मटार सोलताना तिने ते ओळखलं होतं. मला सांगितलं नाही, पण मुलुंडमधल्या एका खोलीत बायकांना सांगून त्यांना हसवलं होतं. माझ्याबद्दल ती तिथे बोलायची हेच मला माहीत नव्हतं.

‘ती कशी शिकवायची?’ मी विचारलं. हे खरं तर आधी विचारायला हवं होतं. ‘पहिल्या दिवशी काय करायची?’

‘पहिल्या दिवशी? काय नाय. झोपवायच्या.’

‘कुणाला?’

‘आम्हाला. एकेकीला त्या खाटेवर. पहिला दिवस कुणी पेशंटला हात लावायचा नाय, पेशंट व्हायचं. सिस्टर वळवणार, भरवणार, पुसणार, आणि मुद्दाम वाईट करणार. न सांगता खसकन ओढणार. पाणी भसकन ओतणार. मी तर रडले होते, खरं सांगते. दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतः झोपायच्या, आणि आम्ही करायचं. चुकलं तर चुकलं म्हणायच्या नाय कधी. पेशंटसारख्या बोलायच्या. आपण वळवून झालं म्हणून कंबरेवर हात ठेवून उभं राहिलो, की खालून आवाज यायचा, “बाई, माझा हात कुठाय?”’

मी उठलो, फोन पिशवीत टाकला आणि घरी आलो.

तो आवाज मला माहीत होता. शेवटच्या महिन्यांत तिच्या पायांतली ताकद गेली आणि तिला कुशीवर वळवायचं काम माझ्याकडे आलं. दिवसा बाई लावू म्हटलं तर ती ऐकेना. ‘आधी तू शिक,’ म्हणायची.

‘थांब. काय करणारेस ते आधी सांग.’

‘वळवतोय तुला.’

‘कुठे?’

‘भिंतीकडे.’

‘भिंतीकडे तोंड करून काय बघू? पोपडे?’

‘बरं, माझ्याकडे.’

‘ते तरी काय फार बघण्यासारखं आहे म्हणा. चल, वळव.’

मी वळवायचो. तिचं हलकं झालेलं अंग माझ्या हातांत यायचं, आणि मला वाटायचं, झालं. मग दम लागलेल्या आवाजात, अर्धवट हसत, ती विचारायची, ‘माझा हात कुठाय?’

‘कुठाय?’

‘मी सांगणार नाही. शोध.’

तो तिच्याच अंगाखाली असायचा. काही दिवसांनी मी आधीच तो हलक्याने उचलून उशीकडे ठेवायला शिकलो. तेव्हा ती काही म्हणाली नाही. डोळे मिटून पडून राहिली. पाठीमागे उशी लावायची राहिली तर म्हणायची, ‘मी घरंगळतेय.’ चादरीला चुणी असली तर, ‘खाली दोरी ठेवलीयस का?’ पाणी घाईने पाजलं तर नुसता हात वर करायची.

म्हणजे तिच्या वर्गाचा एकही कागद नसला तरी तो सगळा वर्ग माझ्याकडे होता. मी वही घेतली नाही. टूल उघडलं, जुना कोर्स बाजूला सारला आणि रिकाम्या स्लाइडवर तिची वाक्यं लिहीत गेलो. ती आठवायला वेळ लागला नाही. लिहायला लागला.

दुसऱ्या दिवशी अंधेरीला मी मित्राला सगळं सांगितलं. नव्या कोर्सात निवेदक नसेल, पेशंट बोलेल. शिकणाऱ्याने काही केलं की पेशंटला काय होतं ते ऐकू येईल, आणि तेवढंच उत्तर. मित्राने ऐकून घेतलं. मग खुर्ची माझ्याकडे फिरवली.

‘एक विचारू? वाईट वाटून घेऊ नको.’

‘विचार.’

‘वहिनींचे व्हॉइस मेसेज आहेत ना तुझ्याकडे? त्यांच्यावरून आवाज बनवता येतो आता. तू लिही, मशीन त्यांच्या आवाजात बोलेल. त्यांचाच वर्ग, त्यांचाच आवाज. करून बघू?’

माझ्याकडे होते. ‘दूध संपलंय’, ‘मी हॉलवर पोचले, तू जेवून घे’, ‘अरे, तुझा चष्मा माझ्या पर्समध्ये आलाय’. मी हो म्हणालो. ते त्याला पाठवले. संध्याकाळी त्याने मला आवाजाच्या खोलीत बोलावलं, कानांवर हेडफोन चढवले आणि बटण दाबलं.

‘माझा हात कुठाय?’

आवाज तिचा होता. ‘ठ’वरचा जोरसुद्धा तिचा होता. मी दोन्ही हातांनी टेबल धरलं. मित्राने पुन्हा दाबू का म्हणून खुणेने विचारलं. मी हो म्हणालो. पुन्हा ऐकलं, आणि पुन्हा. तिसऱ्यांदा कळलं की ही बाई कशावरही झोपलेली नाही. स्वतःच्या हातावर अंगाचं वजन घेऊन पडलेला माणूस बोलतो तेव्हा छाती दबलेली असते, शब्द बाजूने निघतात. ही मोकळ्या हवेत उभी राहून बोलत होती, दूध संपलंय म्हणाली होती तशी.

‘पुसून टाक,’ मी म्हणालो.

‘अरे, ठेव ना. घरी ऐकायला.’

‘नको. पुसून टाक. ही ती नाही, आणि मला कोर्स पुरा करायचाय.’

त्याने माझ्यासमोर ते पुसलं. मग म्हणाला, ‘मग पेशंट कोण होणार?’

पुढच्या शनिवारी मी हॉलवर गेलो, चप्पल काढली आणि खाटेवर झोपलो. भांडुपच्या बाईने कंबरेवर हात ठेवले.

‘सर, ह्या काय आता?’

‘मला वळवा. भरवा. आधी वाईट करा, मग चांगलं. मी फोनवर रेकॉर्ड करतो.’

बायका एकमेकींकडे बघून तोंडावर पदर घ्यायला लागल्या.

‘अगो, लाजताय काय?’ ती ओरडली. ‘कामावर गेलात की आजोबांना आंघोळ घालायची आहे. सर, तुम्ही अंग सोडा. असं लाकूड होऊन नाय चालत. पेशंट आहात ना?’

मी अंग सोडण्याचा प्रयत्न केला. खाली पडून ती खोली मी कधी पाहिली नव्हती. पंख्याच्या एका पात्याला जळमट होतं. ट्यूबलाइट सरळ डोळ्यांत येत होती. मग वरून एक चेहरा आला, काही न बोलता, आणि दोन हातांनी मला धरून ओढलं. क्षणभर आपण कुठे पडणार ते कळेना. मी थांबलो तेव्हा उजवा हात माझ्याखाली होता आणि खांद्याखाली चादरीची चुणी. मी गप्प पडून राहिलो.

‘बोला की सर!’

मी बोलणारा माणूस नाही. घरात बोलायचं काम तिचं होतं.

‘बोला! तुम्ही गप पडलात तर आम्हाला काय स्वप्न पडणार आहे?’

हाताला मुंग्या यायला लागल्या. ‘माझा हात,’ मी म्हणालो. आवाज बाजूने निघाला, दबलेला. ‘माझा हात कुठाय?’

खोलीत कुणी हसलं नाही.

त्यानंतर त्यांनी मला पुन्हा पुन्हा वळवलं, पाणी पाजलं, तोंड पुसलं, आणि मी बोलत राहिलो. काही वाक्यं तिची होती, काही माझी निघाली. ट्यूबलाइटबद्दल ती कधी काही म्हणाली नव्हती. घरी आमच्या खोलीतली ट्यूब तिच्या डोळ्यांवर यायची की नाही, हे मला आता कुणी सांगू शकत नाही. मी ते वाक्य कोर्सात ठेवलं.

पुढचे काही आठवडे मी कामावरून आलो की टेबलाशी बसायचो. घाटकोपरला लोकल सोडून मेट्रो पकडताना पर्याय लिहायचो, आणि ते सगळे एकाच मापाचे आहेत ना ते तपासायचो. हिरवी खूण काढली, लाल फुली काढली, गुण काढले, ‘चूक’ हा शब्द सगळीकडून काढला. कोर्स सुरू झाला की आता फक्त छत दिसतं. पंखा, ट्यूबलाइट. खाटेवर झोपूनच मी ते फोटो काढले होते. शिकणारी काही न सांगता हात लावते, तर आवाज येतो, ‘कोण? काय करताय?’ आधी सांगते, तर येतो, ‘बरं.’

टूलमध्ये एक सोय असते. शिकणाऱ्याने मागे काय केलं ते कोर्सला लक्षात ठेवता येतं. बँकेच्या कोर्सात मी ती फक्त ‘नमस्कार’पुढे कर्मचाऱ्याचं नाव दाखवायला वापरायचो. इथे ती मी हातासाठी वापरली. तुम्ही पेशंटचा हात बाजूला घ्यायला विसरलात तर कोर्स लगेच काही म्हणत नाही. तुम्ही पुढे जाता, उशी लावता, पांघरूण घालता, काम झालं असं वाटतं. मग खालून प्रश्न येतो. कुठे राहिला ते तुम्हीच मागे जाऊन शोधायचं.

आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी एकच सूचना लिहिली: आता फोन ठेवा, पलंगावर झोपा, घरातल्या कुणाला तरी तुम्हाला वळवायला सांगा, आणि काय वाटलं ते आम्हाला बोलून पाठवा.

मला वाटलं होतं कुणी पाठवणार नाही. पहिल्याच आठवड्यात आवाज यायला लागले. ‘सर, आमच्या ह्यांनी मला पिठाच्या गोणीसारखं लोटलं. मी त्यांना कोर्स बघायला लावला.’ दुसरीचा: ‘पोरगी म्हणते, आई तू जड आहेस. वाट लागली माझ्या खांद्याची.’ नाहूरच्या एकीने हळू आवाजात सांगितलं, ‘सासूबाईंनी वळवलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी माझ्या पाठीला हात लावला. बाकी काय वाटलं ते सांगत नाही.’

दिवाळी झाली आणि समितीची बैठक हॉलवरच भरली. पाच-सहा जण खुर्च्यांवर बसले. फिजिओथेरपीवाल्यांचा माणूसही आला होता, खोलीचं माप घ्यायची टेप खिशात घेऊन. मी कोर्स कसा केला ते थोडक्यात सांगायला उभा राहिलो, पण चिटणीस मध्येच म्हणाले, ‘ते असू दे. मागच्यासारखं करूनच दाखवा.’

नाहूरची बाई पुढे आली. तिने मागच्या वेळी या खोलीत लांब उत्तरं दाबली होती. त्यानंतर सगळं शिकली ती फोनवर आणि सासूवर.

‘पेशंट?’ तिने विचारलं.

मी चप्पल काढायला वाकलो. भांडुपची बाई म्हणाली, ‘सर नको. सर आता पेशंट म्हणून तयार झालेत, आपणहून हात बाजूला घेतात. साहेब, तुम्ही झोपा.’

‘मी?’ चिटणीस म्हणाले.

‘पाचच मिनिटं. इस्त्री मोडली तर मी करून देईन.’

समितीतले बाकीचे हसले, त्यामुळे त्यांना उठावंच लागलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे दिला आणि खाटेवर आडवे झाले, पाहुण्यांच्या घरी झोपतात तसे, पाय जुळवून.

नाहूरच्या बाईने आधी ट्यूबलाइट बंद केली. खिडकीचा उजेड पुरेसा होता. मग ती त्यांना दिसेल अशी उभी राहिली.

‘साहेब, मी तुम्हाला माझ्या बाजूला वळवतेय. सावकाश.’

‘बरं,’ चिटणीस म्हणाले.

तिने तिच्याकडचा त्यांचा हात उचलून उशीच्या बाजूला ठेवला. पलीकडचा छातीवर आणला. पलीकडचा गुडघा वाकवला. खांद्यावर एक हात, कमरेवर एक, आणि ते वळले. तिने तळहाताने चादर मागे ताणली. मग खाली वाकून तिने विचारलं, ‘साहेब, तुमचा हात कुठाय?’

त्यांनी बोटं हलवून दाखवली. ‘हा काय. समोर.’

‘उशी!’ भांडुपची बाई ओरडली. ‘पाठीला उशी कोण लावणार? घरंगळले ना साहेब!’

नाहूरच्या बाईने जीभ चावली आणि उशी लावली. चिटणीस तसेच कुशीवर पडून होते. उठायची घाई त्यांनी केली नाही. चष्म्याशिवाय त्यांना आम्ही कुणी नीट दिसत नसणार. पडल्या पडल्याच ते समितीला म्हणाले, ‘खोली वर्गाकडे राहू दे. पुढच्या दिवाळीला परत बघू.’

कुणी हरकत घेतली नाही. टेपवाला माणूस चहा पिऊन गेला.

आता धडे फोनवर होतात आणि शनिवारी दुपारी हॉल उघडतो. शिकवते भांडुपची बाई. माझी बायको नाही. घरातली तिची खाट भाड्याची होती, ती परत गेली आहे. तिचे व्हॉइस मेसेज फोनमध्ये आहेत, जसे होते तसे. कोर्सात आवाज माझा आहे. शनिवारी नव्या बायका आल्या की मी चप्पल काढतो आणि हॉलमधल्या खाटेवर झोपतो. त्या मला वळवतात.